एकतीस-सातचं कार्ड

माझ्या आत्याला सगळे चाळणीबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत असलेला माणूस मी तरी पाहिला नाही, आणि असता तर दुसऱ्या दिवशी तो कामावर दिसला नसता. नाव मात्र चपखल होतं. दर वर्षी दोन-अडीच हजार रोपं तिच्यासमोर पहिल्यांदा फुलायची आणि त्यातली आठ-दहा राहायची. बाकीच्यांचा निकाल ती एका शब्दात लावायची. तो शब्द म्हणजे "काढा".

आमची रोपवाटिका गावाबाहेरच्या उतारावर होती. वाफ्यांच्या छप्पन्न ओळी, माथ्यावर पत्र्याची शेड आणि शेडला लागून दोन खोल्या. वरच्या अंगाला आयरिस, खालच्या अंगाला डेलिली. आत्या नवी वाणं तयार करायची. एका फुलाचा पराग चिमट्यानं काढायचा, दुसऱ्या फुलाला लावायचा, बोंड धरलं की बी पेरायचं आणि मग तीन वर्षं वाट बघायची. तीन वर्षांनी रोप पहिलं फूल दाखवतं, आणि त्या पहिल्या फुलावर त्याचा निकाल. "पहिल्या दिवशी ज्याला धड उभं राहता येत नाही, त्याच्यासाठी मी का ताटकळू?" असं ती म्हणायची. हे ती फक्त फुलांबद्दल म्हणत नसे.

माझे वडील तिचे धाकटे भाऊ. ते गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आई आणि मी दोन बॅगा घेऊन तिच्या दारात उभ्या राहिलो. तिनं आधी बॅगांकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे बराच वेळ.

"मान ताठ आहे," ती म्हणाली. "अक्षर कसं आहे हिचं?"

"छान आहे, वन्सं. शाळेत बक्षीस मिळालंय," आई घाईघाईनं म्हणाली.

"मग ही लिहील. तू कंद साफ करशील."

झाली आमची नेमणूक. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

एक गोष्ट कबूल करते, तिनं मला बघायला शिकवलं. आयरिसचं फूल नवख्याला नुसता गुंता वाटतं. आत्यानं तो पहिल्याच आठवड्यात सोडवून दिला. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या. प्रत्येक लोंबत्या पाकळीच्या सुरुवातीला एक केसाळ रेघ असते, ती दाढी. आता रंग कुठे बसलाय ते बघ. सहाही पाकळ्या सारख्या असल्या तर एकरंगी. वर पांढरं नि खाली रंगीत, ही अवघड जात. फिक्या पाकळीच्या कडेनं टाके घातल्यासारखे ठिपके असले तर टाक्याची. खालच्या पाकळीला दुसऱ्या रंगाची सलग रेघ फिरली असेल तर काठाची. उभ्या पाकळ्या एकमेकींना टेकून घुमट झाला पाहिजे. त्या फाकल्या की "तोंड वासलंय" म्हणून बाद. लोंबत्या पाकळ्या बाहेर पसरल्या पाहिजेत. त्या देठाला चिकटल्या की "कान पाडलेत" म्हणून बाद.

डेलिली त्या मानानं सरळ. मागे तीन पाकळ्या, पुढे तीन, मध्ये हिरवा नाहीतर पिवळा घसा. घशाच्या भोवती कधी कधी गडद खूण असते. ती सहाही पाकळ्यांवर उमटली असेल तर आम्ही तिला कडं म्हणायचो, फक्त पुढच्या तिघींवर असेल तर पट्टा. आणि एक फूल एकच दिवस टिकतं. सकाळी उघडतं, संध्याकाळी मिटून लिबलिबीत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावर दुसरी कळी उघडते.

कामाची पद्धत ठरलेली होती. आत्या ओळीतून चालायची, फुलापुढे वाकायची आणि सांगायची. मी तिच्या मागे कार्डांचा खोका गळ्यात अडकवून उभी. आकार, उभ्या, लोंबत्या, काठ, दाढी, निर्णय. तिनं सांगायचं, मी लिहायचं. मग निर्णय पत्र्याच्या बिल्ल्यावर खरवडून तो तारेनं देठाला बांधायचा. आमच्या मागून खणणारा यायचा. त्याला सगळे फावडेकाका म्हणायचे. तो बिल्ला वाचायचा आणि ज्यावर "काढा" असेल ते रोप मुळासकट उचलायचा.

सोळाव्या वर्षी मी एक चूक केली. एका डेलिलीपुढे आत्या म्हणाली, "गडद कडं." मी बघितलं. मागच्या तीन पाकळ्या कोऱ्या होत्या, खूण फक्त पुढच्या तिघींवर. मी मुकाट्यानं कार्डावर "पट्टा" लिहिलं. मला वाटलं, तिची नजर चुकली, आपण सावरून घेतलं. संध्याकाळी ती कार्डं तपासायला बसली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी काय सांगितलं होतं?"

"कडं. पण आत्या, तिथं पट्टाच होता. मी नीट बघितलं."

"फूल आण."

मी धावत गेले. फूल मिटलं होतं, बोटाला चिकटत होतं. त्याच्यावरून काहीच ठरलं नसतं. पण त्या दांड्यावर सतरा कळ्या होत्या. सकाळी त्यातली एक उघडली असती आणि कोण खरं ते सगळ्यांना दिसलं असतं. हे मला जेवढं कळत होतं तेवढंच तिलाही. तिनं माझ्या हातात फावडं दिलं.

"काढ. आत्ताच."

मी ते झाड उपटलं. सतरा कळ्यांसकट. आई शेडच्या दारात ओले हात घेऊन उभी होती. आत्या शांतपणे म्हणाली, "ऐकून ठेव. मी बघते, तू लिही. उद्यापासून तुला काय दिसतं ते मला ऐकायचं नाही. कधीच नाही."

मी कानाला खडा लावला. असा लावला, की पुढे तिलाच तो जड गेला.

आई अकरा वर्षं त्या गार फरशीवर बसून कंद धूत होती, मुळं कापत होती. तिची बोटं कडेनं चिरलेली असायची. ती गेली त्या दिवशी आत्या तिच्या उशाशी दोन मिनिटं उभी राहिली. "कंद चिवट होता," म्हणाली. "फूल काही आलं नाही." मी हे ऐकलं नि गिळलं. दुसऱ्या दिवशी टाक्याची आयरिस बघायची होती, मी खोका गळ्यात अडकवून हजर होते.

एक ट्रकवाला होता, खोकी न्यायला यायचा. हसरा, बडबड्या, शिट्टी वाजवणारा. त्यानं मला मागणी घातली. रीतसर, आत्यापुढे येऊन. तिनं त्याला शेडच्या मधोमध उभं केलं, भोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाली, "कार्ड काढ." मला वाटलं चेष्टा आहे. त्यालाही वाटलं, तो हसला.

"आकार, पसरट. मान लांब. देठ कमजोर, वारा आला की आडवा होणार. तोंड वासलेलं," तिनं सांगितलं. "लिहितेस ना?"

मी लिहीत होते. हेच सगळ्यात वाईट. हात आपोआप चालत होता.

"निर्णय, काढा."

त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी कार्डाकडे. पुढच्या आठवड्यात खोकी न्यायला दुसराच माणूस आला. त्या दिवसापासून मी आत्याचा मनापासून द्वेष करायला लागले, आणि तिची कार्डं आणखी सुंदर अक्षरात लिहायला लागले.

आता त्या फुलाबद्दल. आत्या तीस वर्षं एका आयरिसच्या मागे होती. वरच्या पाकळ्या शुभ्र पांढऱ्या, घुमट बंद. खालच्या स्वच्छ निळ्या, जांभळटपणाचा लवलेश नको. त्या निळ्याभोवती पांढरा काठ, धाग्याएवढा. आणि दाढी निळी. सगळं अडत होतं दाढीपाशी. निळा साधला की दाढी पिवळी यायची. दाढी साधली की काठ विरघळायचा. काठ आला की वरचं पांढरं मळायचं. दर तीन वर्षांनी ती एक पायरी वर चढायची. तिच्या खोलीत भिंतीवर वंशावळ होती, आमच्या घराण्याची नव्हे, त्या फुलाची. लग्न नाही, मूल नाही, मैत्रीण नाही. आजारपणातसुद्धा तिच्या तोंडी एकच. "एकदा ते फूल बघितलं, की मी मोकळी."

ती सत्तरीची झाली तेव्हा कार्डांवर "पिवळट" हा शब्द वाढला.

पहिल्यांदा मला वाटलं, ऊन चढलंय म्हणून. मग एका सकाळी ती अगदी पांढऱ्याधोप फुलापुढे वाकली आणि म्हणाली, "उभ्या, पिवळट." मी पेन थांबवलं. फूल धुतल्या कपड्यासारखं पांढरं होतं. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. बाहुल्या धुरकट झाल्या होत्या.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

मोतीबिंदूत जग मळतं. पांढऱ्यावर पिवळं चढतं आणि निळा तर आधी जातो. राखाडी होतो, मग काळपट. हे मला नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. पण मला डॉक्टरांची गरज नव्हती, माझ्याकडे कार्डं होती. एका हंगामात तिच्या तोंडून निळा हा शब्दच नाहीसा झाला. "यंदा निळा का येत नाही?" ती मातीला दोष द्यायची, पाण्याला द्यायची, फावडेकाकांच्या सात पिढ्यांना द्यायची. मी मान हलवायची. मला गंमत वाटत होती. खोटं कशाला बोलू, फार गंमत वाटत होती. वाफ्यात निळ्याचा नुसता पूर आला होता आणि त्याच्या मधोमध उभी राहून ती निळ्यासाठी तळमळत होती.

तीन हंगाम मी तेच लिहिलं, जे तिनं सांगितलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

तिसऱ्या हंगामात, एका मंगळवारी सकाळी, आम्ही एकतिसाव्या ओळीत आलो. सातवं रोप. मी ते तीन पावलांवरूनच ओळखलं. वर पांढरा बंद घुमट. खाली निळं, असं निळं मी त्या वाफ्यात कधी बघितलं नव्हतं. त्याभोवती धाग्याएवढा पांढरा काठ, कुठेही न तुटलेला. आणि दाढी निळी. भिंतीवरच्या वंशावळीची शेवटची पायरी तिथं उभी होती, दवानं ओली.

आत्या वाकली. नाक जवळजवळ फुलात घातलं. बराच वेळ बघत होती. तेवढ्या वेळात मला तिला सांगता आलं असतं. दोन शब्द पुरले असते. माझ्या जिभेवर आले होते, हेही खरं आहे. मग मला सतरा कळ्या आठवल्या.

"आकार, चांगला," ती म्हणाली. "उभ्या, पिवळट. लोंबत्या, राखाडी, काळपट. काठ, पिवळट. दाढी काळी." तिनं सुस्कारा टाकला. "आकार वाया गेला बघ. एकंदर मळकट. निर्णय, काढा."

मी लिहिलं. बिल्ला बांधला. फावडेकाका मागून आले, बिल्ला वाचला, फूल बघितलं, परत बिल्ला वाचला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "हे तर निळं आहे हो."

"बिल्ल्यावर काय आहे?"

"काढा आहे."

"मग?"

त्यांनी काढलं.

आयरिसचा कंद लगेच मरत नाही. काढलेले कंद आम्ही शेडमागे पत्र्यावर उन्हात वाळवायचो आणि हंगाम संपला की लोखंडी पिंपात जाळायचो. आत्याचा तसा हुकूम होता, आपलं टाकलेलंसुद्धा दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात उगवायला नको. एकतीस-सात त्या पत्र्यावर अठरा दिवस पडून होता. मी रोज त्याच्यावरून जात होते. नवव्या दिवशी त्याला एक हिरवं टोक फुटलं. खिशात मावला असता एवढा कंद. माझ्या खोलीमागे एक फुटकी बादलीही रिकामी होती. जाळायच्या दिवशी फावडेकाकांनी तो हातात घेऊन विचारलं, "ताई, हा एवढा ठेवू का?" मी म्हटलं, "पिंपात." माझा आवाज आत्यासारखा निघाला. ते दचकले, मीही दचकले. पण शब्द काही मी परत घेतला नाही.

त्याच वर्षी थंडीत आत्या शेडच्या काचेच्या दारावर आपटली आणि तिला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर मी तिला घरी आणलं. फाटकातून आत येताच ती थांबली. नळाखाली पाण्याचं प्लॅस्टिकचं पिंप होतं, वीस वर्षांपासून तिथंच.

"हे कधी रंगवलं?"

"रंगवलेलं नाही. निळंच आहे."

ती त्या पिंपाकडे बघत राहिली. आत्या दुष्ट होती, पण बुद्धू नव्हती. तिचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला आणि मी तो उतरताना बघितला, अगदी शेवटपर्यंत. मग ती म्हणाली, "तीन वर्षांची कार्डं टेबलावर ठेव."

दोन दिवस ती खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. टेबलावर एकच कार्ड होतं, बाकीची खोक्यात परत गेली होती. ती बोट ठेवून वाचायला लागली, एखाद्या परक्या भाषेतलं वाचावं तसं.

"उभ्या, पिवळट. म्हणजे पांढऱ्या. लोंबत्या, राखाडी, काळपट. म्हणजे निळ्या." बोट पुढे सरकलं. "काठ, पिवळट. म्हणजे पांढरा." ती पाणी प्यायली. "दाढी काळी. काळी दाढी नसते या वंशात. म्हणजे निळी."

तिनं कार्डावरून मान वर केली.

"तुला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"एक तुकडा तरी ठेवलास? खरं सांग. कुठं बादलीत, डब्यात?" असा आवाज मी तिच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. ती विनवणी करत होती.

"नाही. जाळला. तुझाच हुकूम होता."

"अगं, सांगायचं होतंस एकदा!"

"तू बघायचं, मी लिहायचं," मी म्हटलं. "मला काय दिसतं ते तुला ऐकायचं नव्हतं. कधीच."

हे वाक्य मी किती वर्षं घोटून ठेवलं होतं. वाटलं होतं, म्हटल्यावर छाती हलकी होईल. झाली नाही.

आत्या रडली नाही. तिनं भिंतीवरच्या वंशावळीकडे बघितलं. "परत तोच संकर करायचा म्हटलं तरी बी, तीन वर्षं, आणि हजारात एक. मी चौऱ्याहत्तरची आहे," ती म्हणाली, स्वतःशीच हिशोब केल्यासारखी. मग तिनं तो नवा, स्वच्छ डोळा माझ्यावर रोखला. नखापासून केसापर्यंत बघितलं, चौदाव्या वर्षी दारात बघितलं होतं तसं.

"कार्ड घे. कोरं."

मी घेतलं. नाही म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. ट्रकवाल्याच्या वेळी नव्हतं सुचलं, आता कुठून सुचणार?

"आकार, उत्तम. ताठ. उभ्या, घट्ट बंद, आत काय आहे त्याचा पत्ता लागत नाही. रंग, एकरंगी. काठ नाही. कुठेही मऊ जागा नाही." ती थांबली. "निर्णय."

मी पेन टेकवून वाट बघत होते. काढा म्हणेल हे मला माहीत होतं. मी कपडेसुद्धा बॅगेत भरून ठेवले होते, आईच्याच त्या जुन्या बॅगेत. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

"ठेवा."

मी पेन कार्डावरून उचललं.

"का?" मी विचारलं.

"तीस वर्षं माझ्या हातचं काही मनासारखं उतरलं नाही. हे एवढं उतरलं." तिनं खणातून पत्र्याचा बिल्ला काढला, त्यावर स्वतःच्या हातानं शब्द खरवडला आणि तारेचा तुकडा तोडला. "हात पुढे कर."

बाहेर फावडेकाका दारात घुटमळत होते, त्यांना आजच्या ओळी विचारायच्या होत्या. मी हात पुढे केला, आणि तिचं बांधून होईपर्यंत तो मागे घेतला नाही.